पिंकीचा पाय आणि विलासरावांची पँट

विलास तांडेल गुडगावात बोट सांभाळतात, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग जरा खालच्या आवाजात विचारायचा, "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

ऐकणाऱ्याचंही चुकत नव्हतं. ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. तेव्हा गुडगावात एका बाजूला मोहरीचं शेत, दुसऱ्या बाजूला नवीकोरी काचेची इमारत, आणि मधे दोघांकडे आळीपाळीने बघत रवंथ करणारी म्हैस, एवढाच नजारा होता. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता, तिथे बोट कुठली?

पण बोट होती. तिचं नाव पिंकी. आणि पिंकीचं सगळं काही, म्हणजे तेलपाणी, रंगरंगोटी, रुसवेफुगवे, विलासरावांकडे होतं.

विलासराव मूळचे रेवदंड्याचे. घरात पिढ्यान् पिढ्या समुद्र. ते स्वतः नौदलात इंजिन मेकॅनिक झाले आणि मुंबईच्या गोदीत साहेबलोकांच्या मोटरबोटी सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना नौदलाने त्यांना दिल्लीला पाठवलं. समुद्रावरचा माणूस दिल्लीत काय करतो, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "फायली तरंगतात की बुडतात ते बघतो." तोवर त्यांच्या पत्नी प्रभाताई केंद्र सरकारच्या नोकरीत बदली मागून दिल्लीत आल्या होत्या, सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं, मुलगी भक्ती शाळेत रुळली होती. विलासराव निवृत्त झाले, पण घर काही निवृत्त होईना. मग राहिले दिल्लीतच.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी घरातल्या सगळ्या हलणाऱ्या वस्तूंना तेल दिलं. दुसऱ्या वर्षी न हलणाऱ्या वस्तूंना दिलं. कपाटाच्या बिजागऱ्या इतक्या गुळगुळीत झाल्या की पंखा लावला तरी दारं उघडत. मग त्यांनी शेजाऱ्यांकडे मोर्चा वळवला. कुणाचा कुलर, कुणाचा मिक्सर. समोरच्या सभरवालबाईंचं शिवणयंत्र बिघडलेलं नव्हतं, तरी त्यांनी ते उघडलं. "बिघडायची वाट कशाला बघायची?" असं त्यांचं म्हणणं. पुढे बाई त्यांना जिन्यात बघितलं की दाराला आतून कडी लावून घेत.

संध्याकाळ झाली की विलासराव गॅलरीत उभे राहायचे, हवेचा एक घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"अळणी," ते म्हणायचे. "अळणी गाव आहे हे. हवेत मीठ नाही, पाण्यात मीठ नाही."

"बाबा, अळणी म्हणजे?" भक्तीने एकदा विचारलं. दिल्लीत वाढलेल्या मुलीला असले शब्द कुठून माहीत असणार?

"अळणी म्हणजे दिल्ली."

आणि मग ठरलेलं पालुपद. "प्रभा, चल ना रेवदंड्याला. घर बंद पडलंय तिकडे."

प्रभाताईंना आणखी बरीच वर्षं नोकरी करायची होती, भक्तीचं कॉलेज व्हायचं होतं. त्या रेवदंड्याला हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या, फक्त कुकर लावायला उठत. पण नवरा एक दिवस खरंच ट्रंक भरेल ही धास्ती त्यांच्या मनात होती. म्हणून ऑफिसात डबा खाताना वर्तमानपत्रात 'नौदलातील निवृत्त मोटरबोट मेकॅनिक हवा, गुडगाव' अशी जाहिरात दिसली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली, शेजारणीला वाचायला लावली आणि पोळीचा तुकडा हातात धरूनच कात्री शोधायला उठल्या.

जाहिरात चढ्ढासाहेबांची होती. चढ्ढासाहेब बिल्डर. फर्रुखनगरच्या वाटेवर जमीन घेऊन त्यांनी 'सागर विहार' नावाची कॉलनी काढली होती. सागराची सोय म्हणून मधोमध एक तळं खणलं, आठ-दहा बोअरवेल मारून ते भरलं, आणि मुंबईच्या एका शेठजींची जुनी मोटरबोट ट्रकवर घालून आणली. तिच्यावर स्वतःच्या मुलीचं नाव रंगवलं. आता प्लॉट बघायला येणाऱ्या लोकांना दर रविवारी तळ्यातून फिरवायचं होतं.

मुलाखतीत चढ्ढासाहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तैरना आता है?"

"साहब, नेव्ही में था."

"वो तो ठीक है जी. तैरना आता है?"

विलासरावांना नोकरी लागली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गॅलरीत न जाता थेट जेवायला मागितलं, तेव्हाच प्रभाताईंनी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

पिंकी होती मोठी देखणी. तिचं इंजिन मोटारीसारखं, बोटीच्या पोटात बसवलेलं. त्या इंजिनाचा जोर मागच्या फळीला पाडलेल्या भोकातून बाहेर येई आणि पाण्यात सोडलेल्या ॲल्युमिनियमच्या एका जाडजूड दांड्यात उतरे. त्याच्या टोकाला पंखा. कागदोपत्री त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. विलासराव त्याला 'पाय' म्हणत. हा पाय हवा तेव्हा वर उचलता येतो, पण अगदी सगळा पाण्याबाहेर येत नाही, थोडा भिजतच राहतो. पिंकीच्या इंजिनात ताकद एवढी की पूर्ण जोर दिला असता तर तळं संपवून ती मोहरीच्या शेतात गेली असती. तेव्हा विलासराव तिला नवरीसारखी चालवत. हळू, नजर खाली, तळ्याला तीन प्रदक्षिणा.

मुंबईत असल्या बोटीची केवढी उस्तवार! समुद्रातून आली की गोड्या पाण्याने इंजिनाच्या पोटातलं मीठ धुवायचं. पाय बाहेरून धुवायचा. आणि पायाला जस्ताच्या वड्या बोल्टने बसवायच्या. खाऱ्या पाण्याला कुठला तरी धातू खायला लागतोच. त्याच्या पुढ्यात जस्त ठेवलं की ते जस्त खातं आणि पायाला हात लावत नाही. वडी झिजली की नवी बसवायची. नौदलात विलासराव ही सेवा देवपूजेसारखी करत.

पण इथे काय? दिल्ली! अळणी गाव! त्यांनी पहिल्याच आठवड्यात जस्ताच्या वड्या काढून टाकल्या. गोड्या पाण्यात जस्त झोपून राहतं, तिथे मॅग्नेशियमच्या वड्या लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एसटीडी बूथवरून माझगावला बाळ पेडणेकरला फोन लावला. बाळ हा गोदीतला जुना दोस्त, आता बोटींच्या सामानाचं दुकान चालवायचा.

"दिल्लीत बोट?" बाळ म्हणाला. "वा! मग पुढच्या महिन्यात पानिपतला पाणबुडी घे."

"मॅग्नेशियम पाठव."

"पाणी गोडं आहे ना? बघितलंस का नीट?"

"अरे, दिल्लीत कुठलं आलंय खारं पाणी? इथल्या लोकांना मीठ फक्त काकडीवर माहीत."

मॅग्नेशियमच्या वड्या आल्या, बसल्या. आणि धुण्याधाण्याचं काम विलासरावांनी साफ बंद केलं. गोड्या पाण्यात उभ्या बोटीला पुन्हा अंघोळ कशाला? निवृत्त माणसाला एवढी चैन परवडते.

तळ्याकाठी त्यांच्या सोबतीला एकच माणूस होता, धरमबीर. तो तिथला चौकीदार आणि माळीही. त्याची स्वतःची शेतं चढ्ढासाहेबांनी विकत घेतली होती आणि ती आता तळ्याच्या बरोबर खाली होती. आपल्याच बुडालेल्या शेताची राखण करत तो दिवसभर हुक्का ओढत बसे. विलासरावांना तो 'फौजी साहब' म्हणे. नौदल, वायुदल, पोलीस, सगळे त्याच्या लेखी फौजी.

पहिला धक्का बसला तो दोन-अडीच महिन्यांनी. विलासरावांनी पाय वर उचलला, तर मॅग्नेशियमच्या वड्या गायब! बोल्ट तेवढे जागेवर.

चोरी! सरोजिनी नगरात गटाराची झाकणं जातात, बागेतल्या नळाच्या तोट्या जातात, तिथे ही गोष्ट काय? त्यांनी धरमबीरला फैलावर घेतलं. धरमबीरने हुक्का बाजूला ठेवला, पिंकीचा पाय बघितला, आणि शांतपणे म्हणाला, "फौजी साहब, चोर पाणी म्हं उतर्या, बोल्ट खोल्ले, माल काढ्या, अर फेर बोल्ट कस कै गया? इसा शरीफ चोर तो म्हारे जिले म्हं कोई ना सै."

वड्या काढून बोल्ट पुन्हा कसून ठेवणारा चोर कुठला, हे विलासरावांनाही पटलं. मग संशय बाळकडे वळला. नव्या वड्या मागवल्या, त्याही चोखलेल्या पेपरमिंटच्या गोळीसारख्या झाल्या. तिसऱ्या खेपेला विलासराव फोनवर तडकले. "बाळ, भेसळीचा माल पाठवतोस मला?"

"भेसळ? माझ्या दुकानात? विलास, तू दिल्लीचा झालास रे." आणि बाळने फोन ठेवला.

हे वाक्य विलासरावांना फार लागलं. चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं.

इकडे पिंकीचं दुखणं वाढत चाललं. पायाच्या रंगाला फोड आले. फोड फुटला की खाली पांढरी भुकटी. सुकाणू जड झालं. पाय नि बोट यांच्या सांध्यावरचे रबरी भाते चांगले होते, पण गणपतीच्या सुमाराला पायातलं तेल तपासलं तर ते ताकासारखं पांढरं. म्हणजे पाणी आत शिरलं. विलासरावांनी धरमबीरच्या ट्रॅक्टरने पिंकीला उतारावर ओढून घेतलं, पाय उघडला, पाणी अडवणारी रबरी सीलं बदलली, नवं तेल भरलं. थोड्या दिवसांत पुन्हा ताक. सील जिथे बसतं ती जागाच पोखरलेली. डॉक्टरने औषध द्यावं, पेशंटने घ्यावं आणि ताप तसाच राहावा, तसं झालं.

नवरात्रात चढ्ढासाहेब आले. पिंकी उतारावर आडवी, पाय सुटा, विलासराव ग्रीसमध्ये माखलेले.

"तांडेलजी, दिवाली से पहले वाले संडे को अपना मेला है. सारे बुकिंगवाले आएँगे. पिंकी चलेगी?"

"कोशिश कर रहा हूँ साहब."

चढ्ढासाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी विलासरावांच्या खांद्यावर हात ठेवला, तो ग्रीसमुळे लगेच उचलला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "टेंशन मत लो. ना चली तो गेट पे खड़ी करवा देंगे, अंदर मिट्टी भर के गेंदा लगवा देंगे. फोटो बढ़िया आएगी."

विलासराव घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी पुन्हा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

प्रभाताईंनी चहा नेऊन दिला. "काय झालं?"

"पिंकीत झेंडू लावणार आहेत."

दुसऱ्या कुणाला हे वाक्य ऐकून हसू आलं असतं. प्रभाताईंना नाही आलं. झेंडू लागला की बोट गेली, बोट गेली की हा माणूस पुन्हा बिजागऱ्यांना तेल देत बसणार, आणि मग एक दिवस माळ्यावरून ट्रंक खाली येणार, हे सगळं त्यांना एका दमात दिसलं.

"कारण सापडत नाही गं," विलासराव म्हणाले. "सगळं करून झालं. एवढी वर्षं खाऱ्या पाण्यात बोटी सांभाळल्या, एकीचा पाय असा गेला नाही. आणि या गोड्या डबक्यात..."

"होईल हो," प्रभाताई म्हणाल्या.

शनिवार हा दोघांच्याही सुट्टीचा दिवस. बोटीपाशी विलासरावांची एक जुनी खाकी पँट खुंटीला असायची. ती घालून ते गुडघाभर पाण्यात उतरायचे, ती तिथेच वाळायची, आणि शुक्रवारी पिशवीतून धुवायला घरी यायची. त्या शनिवारी प्रभाताईंनी पँट पिशवीतून काढली आणि बादलीत टाकली. पिळली. ते पाणी ओतून दिलं. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा पिळली. मग साबणाची वडी हातात घेतली.

विलासराव मोरीच्या दारात पाना शोधत उभे होते. सरकारी पाण्याची त्यांना फार काळजी. "साबणाआधीच दोन बादल्या? कशाला गं?"

"या पँटला आधी दोन पाण्यांतून काढावं लागतं. नाहीतर फेस येत नाही."

"का?"

"का म्हणजे?" प्रभाताईंनी वर बघितलं. "कुलाब्याला असताना नाही का? तुम्ही बोटीवरून आलात की पँट अशीच यायची. पत्र्यासारखी ताठ, आणि गुडघ्यावर पांढरी रेघ. आईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं मला. आधी मीठ काढायचं, मग साबण."

विलासराव पाना शोधायचं विसरले. "आणि ही पँट तू कधीपासून अशी धुतेस?"

"पहिल्यापासून. तुमची नोकरी लागल्यापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला काय बोलायचं?" प्रभाताई खरोखरच चकित झाल्या. "नेव्हीत तुम्ही होतात. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

पँट तर आता धुतली गेली होती. पण पिशवीत गेल्या आठवड्यातली दुसरी, गडद निळी पँट होती. विलासरावांनी ती बाहेर काढली. गुडघ्यावर पांढरी, वाकडीतिकडी रेघ, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर भरती ओसरल्यावर उमटते तशी. ते ती खिडकीपाशी उजेडात घेऊन गेले. वास घेतला. मग इकडेतिकडे बघून हळूच जिभेचं टोक लावलं.

नेमकी त्याच वेळी भक्ती आत आली.

"आई," ती दारातूनच ओरडली, "बाबा पँट चाटतायत!"

"चाटू दे," मोरीतून उत्तर आलं. "कामाचं आहे."

दुसऱ्या दिवशी विलासराव नेहमीपेक्षा आधीच्या बसने गुडगावला पोचले. थेट तळ्याच्या धक्क्यावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि चूळ भरली. समुद्राएवढं कडक नाही, पण खारं. चांगलं खारं. असल्या पाण्यात मॅग्नेशियमच्या वड्या साखरेसारख्या विरघळतात आणि मग पाणी पायालाच खायला लागतं. दीड वर्ष ज्या पाण्यात ते पाय सोडून बसले, ज्याला डबकं म्हणाले, त्याची चव बघायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. दिल्लीचं पाणी कोण चाखून बघतो?

हुक्क्यावरून धरमबीर हे सगळं बघत होता. "फौजी साहब, थूक द्यो. इसनै तो भैंस भी ना पीवै."

"तुला माहीत होतं?" भांबावून विलासराव मराठीतच बोलले, मग सावरले. "मालूम था तुमको? ये खारा है?"

"बेरा था. म्हारे दादा के टैम म्हं तो इत कुएँ के पाणी तै नमक बण्या करता. गाड्डी भर-भर कै जावै थी."

"तो बताया क्यों नहीं?"

"थमनै पूछ्या कद?" धरमबीरने एक झुरका घेतला. "थम तो रोज कह्या करो थे अक मीठा सै. मन्नै सोची, बड़े समंदर का आदमी सै. उसकै हिसाब तै यो मीठा ही होगा."

विलासराव धक्क्यावर बसले आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले. रागवायला हवं होतं, स्वतःवर तरी. पण राग येईना. उलट ओठांवर राहिलेलं ते मीठ त्यांनी जिभेने पुन्हा एकदा तपासलं, आणि त्यांना हसू फुटलं. ज्या मिठासाठी ते रोज गॅलरीत उभे राहून कुरकुरत होते, ते दीड वर्ष त्यांच्या पँटवर बसून घरी येत होतं. ट्रंक भरून रेवदंड्याला जायची काय गरज? समुद्र बिचारा फर्रुखनगरच्या जमिनीखालून त्यांना गाठायला आला होता आणि हे त्याला ओळख देत नव्हते.

त्याच दुपारी त्यांनी बाळला फोन लावला. आधी माफी मागितली. मग कारण सांगितलं. बाळ इतका वेळ हसत राहिला की बूथवाल्याने काचेतून आत डोकावून बघितलं.

"पँट चाटलीस?" बाळ दम घेत म्हणाला. "विलास, आता मी तुला दिल्लीचा म्हणणार नाही. जस्त पाठवतो. सीलच्या जागेचा तुकडाच नवा टाक, तोही पाठवतो. आणि ऐक, वहिनींना दुकानात नोकरी आहे म्हणावं."

रेवदंड्याच्या बाजूचा एक जवान सुट्टी संपवून दिल्ली छावणीत परतत होता. त्याच्या ट्रंकेतून सामान आलं, सुक्या बोंबलांच्या पुड्यांत सुरक्षित ठेवलेलं. पिंकीला बसवलेल्या जस्ताच्या वड्यांना पुढे कितीतरी दिवस बोंबलाचा वास होता. विलासरावांनी त्या मुद्दाम पुसल्या नाहीत.

मग सुरू झाली खरी सेवा. पाय घासून, फोड काढून, नवा रंग. तांब्याचा अंश असलेला रंग विलासरावांनी दुकानदाराला परत केला, कारण तांबं खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमशी नांदत नाही. सांध्याला ग्रीस. नवी सीलं, नवं तेल. पिंकी पाण्यात उतरली. आता फेरी झाली की इंजिनाची पाणी ओढणारी नळी सोडवून गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवायची, इंजिन थोडा वेळ हळू चालवायचं म्हणजे पोटातलं मीठ निघून जातं, आणि मग पाय वर उचलून बाहेरून धुवायचा.

"म्हणजे बाहेरून आल्यावर पाय धुवायचे," प्रभाताई म्हणाल्या. "हे तुम्हाला सांगावं लागलं?"

पण गोडं पाणी आणायचं कुठून? चढ्ढासाहेबांच्या ऑफिसला पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा, त्यातून एक पिंप मिळायचं कबूल झालं होतं. मेळ्याच्या आदल्या दिवशी चाचणीफेरी ठरली आणि नेमका त्या दिवसाचा टँकर मेळ्याच्या स्वयंपाकासाठी अडवून ठेवला गेला. इंजिन धुतल्याशिवाय रात्रभर ठेवायचं नाही, असा विलासरावांचा आता हट्ट. चाचणी रद्द करावी असं ते म्हणू लागले. पण शनिवारी सकाळी प्रभाताई दोन कॅन भरून दारात उभ्या राहिल्या आणि भक्तीच्या हातातही दोन दिले. "चला. मलाही बघू दे ही पिंकी आहे तरी कशी."

हरियाणा रोडवेजच्या बसमध्ये कंडक्टरने कॅनकडे बोट दाखवलं. "गंगाजल सै के?"

"नहीं, सरोजिनी नगर का पानी है," विलासराव अभिमानाने म्हणाले.

पण मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला फक्त गंगाजल ऐकू आलं असावं, कारण त्याने कॅनला हात लावून कपाळाला लावला. मग पुढच्या बाईनेही लावला. गुडगाव येईपर्यंत सरोजिनी नगरच्या नळाला बरंच पुण्य मिळालं.

धक्क्यावर आल्यावर विलासरावांनी इंजिन सुरू केलं. कान देऊन ऐकलं. पायातून आता कण्हल्यासारखा आवाज येत नव्हता. त्यांनी प्रभाताईंकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"ये."

"मी?" एवढ्या वर्षांच्या संसारात प्रभाताई नवऱ्याच्या बोटीत एकदाही बसल्या नव्हत्या. गोदीत बायकांना परवानगी नव्हती, आणि इथे कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढली.

"चप्पल कशाला काढतेस?"

"तुम्ही गोदीतून यायचात तेव्हा सांगायचात ना, बोटीत चपलेने जात नाहीत म्हणून."

विलासराव हे कधीच विसरले होते. त्यांनीही मुकाट्याने बूट काढले. भक्ती मागे बसली. पिंकी निघाली. पहिली फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला जरासा जोर दिला तशी नाकापुढून पाणी उडालं आणि प्रभाताईंच्या तोंडावर आलं. त्यांनी पदराने पुसता पुसता ओठ मिटले. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण चालेल."

फेरी संपल्यावर तेल काढून बघितलं. मधासारखं स्वच्छ. मग चारही कॅन पिंकीच्या पोटात रिकामे झाले. तेवढं पाणी खरं तर पुरेसं नव्हतं, पण धरमबीरने न बोलता घरून बैलगाडीवर एक ड्रम आणून ठेवला होता. त्याच्या घरचं पाणीही टँकरचंच.

पिंकीच्या दुखण्याचं कारण चढ्ढासाहेबांना सांगायचं विलासरावांना जरा अवघड वाटत होतं. पाणी खारं आहे, असं बिल्डरला कोण सांगणार? त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं. चढ्ढासाहेबांनी डोळे बारीक केले.

"खारा? समुंदर जैसा?"

"थोड़ा कम साहब."

"ओए, तो पहले बताना था ना!"

मेळ्याच्या दिवशी फाटकावर फलक होता: 'दिल्ली में पहली बार – असली समुंदरी पानी की झील.' माणसांची झुंबड उडाली. साहेब, मेमसाहेब, पोरं, आज्या, सगळे वाकून बोट बुडवत आणि जिभेला लावत. "सच में! नमकीन है जी!" पिंकी दिवसभर फेऱ्या मारत होती, आणि सुकाणूवर पांढऱ्या शर्टातले विलासराव प्रत्येकाला सांगत होते, "जरा सँभल के. ये खारा पानी है. खारे पानी का मिजाज अलग होता है." या वाक्यात जी ऐट होती ती गोदीत ॲडमिरलच्या बोटीवरही कुणी बघितली नसेल.

झेंडूच्या कुंड्या मात्र टेम्पो भरून येऊन पडल्या होत्या. चढ्ढासाहेबांनी आगाऊ मागवून ठेवल्या होत्या, माणूस दूरदर्शी. त्या धक्क्याच्या दुतर्फा मांडल्या गेल्या. चार दिवसांत तळ्याचं पाणी पिऊन त्यांची पानं करपायला लागली, तेव्हा विलासरावांनी त्यांतल्या दोन वाचवून बसमधून घरी आणल्या. म्हैस जे पीत नाही ते झेंडूही पीत नाही, हे धरमबीरला माहीत होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या दोन कुंड्या सरोजिनी नगरच्या गॅलरीत कठड्यापाशी बसल्या. महिनाभरात अशा फुलल्या की सभरवालबाई कडी काढून बघायला आल्या. विलासराव अजूनही संध्याकाळी गॅलरीत उभे राहतात, पण हवेचा घोट घेऊन तोंड वाकडं करत नाहीत. अळणी हा शब्द भक्ती आता आमटीसाठी वापरते, तोही बरोबर.

एका शुक्रवारी विलासरावांनी बोटीवरची खाकी पँट न वाळवताच पिशवीत घालून घरी आणली, आणि न धुता, नुसती झटकून, वाऱ्याला म्हणून दोरीवर टाकली. पँट अजून ओलीच होती. तिच्या पायातून थेंब थेंब खाली ठिबकत होतं.

आतून प्रभाताई धावत आल्या. "अहो! ती तिकडे, त्या टोकाला घाला. खाली माझा झेंडू आहे. त्याला नाही सोसत तुमचा समुद्र."

विलासरावांनी पँट उचलली, दुसऱ्या टोकाला नेली, आणि तिच्या दोन्ही पायांना नीट चिमटे लावले.